दुसरी उडी

मार्च 2024 मध्ये ग्लासगोला इनडोअर, म्हणजे छताखालची, जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. तिचा लांब उडीचा निकाल मोबाईलवर उघडला आणि आधी चष्मा पुसला. पहिला 8.22 मीटर, दुसराही 8.22, तिसरा 8.21. पहिला ग्रीसचा मिल्टिआडिस तेंतोग्लू, दुसरा इटलीचा मातिया फुर्लानी, तिसरा जमैकाचा केरी मॅक्लिओड. आकडा सारखा असताना एकाला सोनं आणि एकाला रुपं कसं, असं नातवानं विचारलं. त्याला म्हटलं, बाबा, दुसरी उडी बघतात. दोघांची सर्वांत लांब उडी सारखी भरली, तर त्याखालोखाल कोणाची लांब आहे ते पाहायचं. तीही सारखी निघाली, तर तिसरी.

मी क्रीडाशिक्षक होतो. तीस वर्षं तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांना लांब उडीच्या खड्ड्यापाशी बसलो. कधी हातात झेंडे, कधी टेप, बहुतेक वेळा तक्ता. तक्ता लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही. त्याला चहासुद्धा सगळ्यांच्या शेवटी मिळतो.

नव्वदच्या दशकात एका तालुका स्पर्धेला साठेक पोरं होती. ऊन मी म्हणत होतं, मंडपात बक्षीस समारंभाचे पाहुणे येऊन बसले होते आणि माइकवरून सारखं "लांब उडीचा निकाल द्या" चाललं होतं. प्रत्येकाला तीन उड्या. घाईत मी काय केलं, तर पोराची जी लांब ती तेवढी लिहायची, बाकीच्या सोडून द्यायच्या. शेवटी वरच्या दोघांची बरोबरी, 5.61. जिल्ह्याला एकच जाणार. तक्त्यात दुसरी उडी नाहीच, तर बघणार काय? नाणं उडवलं. हरलेला पोरगा माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सर, माझी पहिली पण मोठी होती की." होती. टेप मीच वाचला होता. पण कागदावर नव्हती. त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात एकही चौकोन मोकळा राहिला नाही. फाउल असेल तर फुली, उडी सोडली तर आडवी रेघ.

म्हणून हा तेंतोग्लू माझा आवडता. टोकियो ऑलिंपिकला याची आणि क्यूबाच्या एचेवारियाची अशीच बरोबरी झाली होती, 8.41. तेंतोग्लूची दुसरी उडी 8.15, एचेवारियाची 8.09. सहा सेंटीमीटर, तेही अशा उड्यांमधले ज्या एरवी कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. बरं, त्याची ती 8.41 आली अगदी सहाव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत. तोवर पदकही हातात नव्हतं.

आपल्याला हा नियम एकदा चांगलाच बोचला आहे. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केरळचा मुरली श्रीशंकर 8.08 गेला. बहामाजचा लाक्वान नेर्नही 8.08. नेर्नची दुसरी उडी 7.98, श्रीशंकरची 7.84. आपल्याकडे रौप्य आलं. पेपरांनी "सुवर्ण थोडक्यात हुकलं" छापलं, पण 14 सेंटीमीटर म्हणजे माझ्या मते थोडकं नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये बेलग्रेडच्या इनडोअर जागतिक स्पर्धेत श्रीशंकर सातवा होता, 7.92. तिथं तेंतोग्लूनं 8.55 मारली. त्या दिवशी दुसरी उडी बघायची कोणाला गरजच पडली नाही.

ग्लासगोत बाकीही पुष्कळ घडलं. नेदरलँड्सच्या फेम्के बोलनं 400 मीटरला 49.17 सेकंदांचा इनडोअर विश्वविक्रम केला. डोमिनिका या चिमुकल्या बेटाची थिया लाफाँड तिहेरी उडीत 15.01 मीटर गेली. त्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी. पोल व्हॉल्टचा, म्हणजे बांबूउडीचा, डुप्लँटिस 5.85 मीटरला तिसऱ्या प्रयत्नात कसाबसा वाचला आणि मग 6.05 वर जिंकला. आपला बीडचा अविनाश साबळे अशा स्पर्धेत दिसत नाही, कारण त्याची स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायची शर्यत, इनडोअरला नसतेच. आणि छताखाली वारा नाही, त्यामुळे वारा मोजायचं यंत्र नाही. "वाऱ्यानं उडवला हो त्याला" ही पालकांची तक्रार तिथं चालायची नाही.

फुर्लानी तेव्हा 19 वर्षांचा. आईच त्याची प्रशिक्षक. बरोबरी करून हरणं त्या वयात कसं लागतं, ते मी खड्ड्याकाठी पाहिलेलं आहे.

पुढच्या मार्चमध्ये, 2025 ला, हीच स्पर्धा चीनमध्ये नानजिंगला झाली. मी आधीच वहीत रकाने आखून ठेवले होते, नावापुढे सहा-सहा. सौ. म्हणाली, "निवृत्त झालात ना?" फुर्लानी 8.30, जमैकाचा वेन पिनॉक 8.29, ऑस्ट्रेलियाचा लियम अ‍ॅडकॉक 8.28. तिघांत मिळून दोन सेंटीमीटर. तेंतोग्लू पदकात नव्हता. निकाल पहिल्याच आकड्यावर लागला, तरी मी फुर्लानीचे सहाही रकाने भरले आणि मग चहा मागितला.