एक टिंब डावीकडचं, दोन टिंबं उजवीकडची

माझ्या शेडमधे सध्या एक वाफेचं इंजिन सुटं करून ठेवलंय. खरंखुरं हां, कोळसा घालायचा, पाणी भरायचं, वाफ झाली की चालणार, फक्त लांबी दीड फुटाच्या आसपास. रुळांमधलं अंतर साडेतीन इंच, म्हणजे आपल्याकडे गोव्यात मुरगावहून कॅसलरॉकला जाणारी ती जुनी मीटर गेज होती ना, तिच्या साधारण अकराव्या हिश्शाचं. आणि ते मी बनवलेलं नाही. सगळी गंमत तिथेच आहे आणि सगळी कटकटपण.

ज्याने बनवलं त्याला मी बघितलेलं नाही. चांदरच्या बाजूचा माणूस, तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, इंजिन रूममधे फिटर. सुट्टीवर घरी आला की मागच्या खोलीत दार लावून बसायचा एवढंच त्याच्या सुनेला आठवतं, आत काय करायचा ते तिने कधी विचारलं नाही आणि तोही कधी सांगायला आला नसावा. तो गेल्यावर इंजिन खोक्यात गेलं, खोकं माळ्यावर गेलं, आणि घर शाकारायला काढलं तेव्हा खाली आलं. मी जुन्या मशिनी गोळा करतो हे त्या बाजूला बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यामुळे निरोप आला. म्हातारी म्हणाली, "व्हर रे पुता, हांगा पडून जंग खाता." म्हणजे घेऊन जा, इथे पडून गंजतंय. पैसे विचारले तर हसली. पुढच्या खेपेला पाटोळ्या घेऊन गेलो.

माझं म्हणाल तर मी कुडचडेचा, आयुष्य खाणीच्या वर्कशॉपमधे टिपर आणि लोडर उघडण्यात गेलं, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा बाकीच्यांबरोबर मीही घरी बसलो आणि वर्कशॉपचा एक जुना लेथ भंगारच्या भावात मिळाला तो उचलला. त्यामुळे मशीन उघडायची भीती नाही. पण टिपर उघडताना तो कुणी बनवला हा विचार कधी डोक्यात येत नाही, कंपनीने बनवला, पार्ट नंबर बघा, नवीन मागवा, बसवा. इथे पार्ट नंबरच नाही. प्रत्येक नट एका माणसाने बसून केलेला.

डिझाइन मात्र ओळखू आलं. इंग्लंडमधे 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक १८९८ पासून निघतंय आणि त्यात एलबीएससी या टोपणनावाने एक जण कित्येक वर्षं लिहायचा, हे टोपणनाव म्हणजे लंडन ब्रायटन रेल्वेच्या नावातली अक्षरं, तो तिथे नोकरीला होता. घरच्या लेथवर सामान्य माणसाला करता येतील अशी लहान इंजिनं त्याने ड्रॉइंग देऊन देऊन शिकवली. 'टिच' हे त्यातलं नवशिक्यांसाठीचं, चार चाकं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, मागे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, वगैरे नाही. आमच्या तारवट्याचं इंजिन म्हणजे टिचच, पण पूर्ण टिच नाही. ड्रायव्हरची केबिन त्याने रुंद केलीय आणि छताला बिजागरी लावलीय, वर उचललं की आतले सगळे कॉक मोकळे. मला आधी हे जरा बेंगरूळ वाटलं. मग माझा हात आत घालून बघितला आणि कळलं की फिटरचा पंजा त्या मूळच्या केबिनमधे मावलाच नसता.

सुटं करायला लागल्यावर टिंबं दिसायला लागली. सेंटर पंचने मारलेली, अगदी बारीक, जिथे बाहेरून दिसणार नाहीत तिथे. चाकांचा दांडा ज्यात फिरतो त्या अॅक्सलबॉक्सला एक टिंब, दुसऱ्याला दोन. कनेक्टिंग रॉडच्या आतल्या अंगाला एक, दुसऱ्याला दोन. एक म्हणजे डावीकडचं, दोन म्हणजे उजवीकडचं. प्रत्येक पार्ट स्वतःच्या जागेला घासून बसवलेला असतो, डाव्याचा उजव्याला गेला तर बसतो पण चालत नाही, म्हणून फिटर लोक अशी खूण करतात, आम्हीपण करायचो. पण आम्ही करायचो ते दुसऱ्या दिवशी आपल्यालाच आठवावं म्हणून. याच्या खुणा इतक्या नीट, एका ओळीत, की ह्या माणसाने पुढे कुणीतरी हे उघडणार असं धरूनच चाललं असावं, असं मला वाटत राहिलं. किंवा बोटीवरची सवय असेल, तिथे चार तासांनी वॉच बदलतो आणि तुमचं अर्धवट काम दुसऱ्याच्या हातात जातं.

पण यात अजून एक माणूस होता. तिसरा. याला मी मिस्त्री म्हणतो, नाव माहीत नाही, असतं तरी लिहिलं नसतं. तारवटी गेल्यावर कधीतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून याने इंजिन चालवायचा प्रयत्न केला असणार, कारण जिथे जिथे टिंबं आहेत तिथलं काम देवासारखं आणि मधेच एखाद्या ठिकाणी हातोडीचे घाव. आता बघा, ह्या इंजिनात आटे सगळे बीए, म्हणजे ब्रिटिश असोसिएशनच्या जुन्या मापाचे. ६ बीए म्हणजे २.८ मिलिमीटर जाडी, आपला बाजारातला एम ३ तीन मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्याला दोन्ही सारखेच. पण बीएच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, मेट्रिकचा साठ, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ते पण वेगळं. मिस्त्रीने एम ३ चे स्क्रू पान्याने दाबून दाबून घातलेत सिलिंडरच्या कव्हरला, सिलिंडर गनमेटलचं, मऊ, त्याने बिचाऱ्याने सगळं सहन केलं आणि आटे सोडून दिले. ती भोकं मोठी करून ब्राँझचे बूच बसवून परत ड्रिल आणि परत ६ बीएचे आटे पाडायचा टॅप, यात अख्खा पावसाळा गेला. बीएचे टॅप सहज मिळत नाहीत, आणि आमच्या दमट हवेत रात्री उघडं ठेवलेलं स्टील सकाळी तांबूस झालेलं असतं, त्यामुळे रोज उठून आधी तेलाचं फडकं फिरवायचं, मग चहा.

हळूहळू नजर बसली. कुठला ओरखडा तारवट्याचा आणि कुठला मिस्त्रीचा हे बघताक्षणी कळायला लागलं. तारवटी कानशीने शेवटचा हात नेहमी तिरका मारायचा, एकाच बाजूला, सगळ्या पट्ट्यांवर तेच वळण. मिस्त्रीच्या हाताला वळणच नाही. मग मी माझ्यापुरता नियम केला, मिस्त्रीचं सगळं काढायचं, तारवट्याचं काही काढायचं नाही, जिवाला धोका असेल तेवढं सोडून.

आणि जिवाला धोका म्हटला की बॉयलर.

बॉयलर तांब्याचा, आत धुराच्या नळ्या, मागे फायरबॉक्स. त्याच्यावरचं पत्र्याचं आवरण काढलं तर आत पांढरट पुठ्ठ्यासारखं काहीतरी, म्हणजे अॅस्बेस्टॉस. त्या काळी सगळेच तेच घालायचे. ते आधी पाण्याने चिंब भिजवलं, मास्क लावून ओलं ओलंच काढलं, दोन पिशव्यांत बांधून टाकलं, पोरांना शेडमधे फिरकू दिलं नाही. मग खालचं तांबं हिरवट काळं पडलेलं. हिला न विचारता डब्यातली भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं काढून भिजत घातली आणि त्या पाण्याने घासलं, देवाची भांडी लख्ख होतात तर हे का नाही होणार. झालं. सोलकढीचा प्रश्न दोन दिवस घरात चर्चेला होता. आतला क्षार काढायला मात्र सायट्रिक अॅसिड वापरलं, तिथे सोलांचं काम नाही.

तर फायरबॉक्सची भिंत आणि बॉयलरची बाहेरची भिंत यांच्यामधे पाणी असतं आणि त्या दोन भिंती एकमेकींपासून फाकू नयेत म्हणून मधे आडवे बोल्ट असतात, त्यांना स्टे म्हणतात. मुख्य जोड चांदीच्या डाकाने केलेले, तो सहाशे अंशाच्या वर वितळतो, त्याची काळजी नाही. पण स्टेच्या नटांवर त्या काळात गळती बंद करायला मऊ सोल्डर फिरवायची पद्धत होती. तारवट्याने जास्त तापमानाला वितळणारं सोल्डर वापरलेलं, नीट. मिस्त्रीने दोन स्टेंवर रेडिओवाल्याचं साधं सोल्डर ओतलेलं आणि वर इपॉक्सीचा लगदा. आता हिशोब बघा. ह्या इंजिनाचा दाब ८० पौंड, त्या दाबाला वाफेचं तापमान १६० अंशांच्या थोडं वर जातं, आणि साधं सोल्डर १८३ ला मऊ व्हायला लागतं. मधे वीसेक अंश उरले, आणि पलीकडे निखारे. घरातला कुकर १५ पौंडावर शिट्टी मारतो तर आपण चार पावलं लांब उभे राहतो, आणि इथे त्याच्या पाचपट दाब घेऊन माणूस त्याच्यावर ओणवा होऊन बसणार!

बरं, तिथे आता चांदीचा डाक पण लावता येत नाही, कारण एकदा शिसं-कथील लागलं की त्या जागी चांदीचा डाक धरत नाही, धरला तर ठिसूळ होतो. ते दोन्ही स्टे काढले, भोकं स्वच्छ केली, थोड्या मोठ्या आट्याचे ब्राँझचे नवीन स्टे केले, नट घातले आणि तारवट्याच्याच पद्धतीने, त्याच्याच जातीच्या सोल्डरने बंद केले. आपल्याकडचा बॉयलरचा कायदा पंचवीस लिटरच्या खालच्या भांड्याकडे बघत नाही, यात लिटरभर पाणी मावलं तर मावलं, म्हणजे तपासायला कुणी साहेब येणार नाही. मग साहेब आपणच.

टेस्ट पाण्याची. बॉयलर गळ्यापर्यंत पाण्याने भरायचा, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, हातपंपाने दाब चढवायचा. नव्याला दुप्पट, जुन्याला दीडपट, म्हणजे १२० पौंड, आणि अर्धा तास काटा हलता कामा नये. पाणी दाबून दबत नाही, त्यामुळे कुठे फाटलंच तर थेंब येतो आणि दाब उतरतो, बस. हवा भरून असली टेस्ट करणारे लोकपण मी बघितलेत. त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही. आमचा काटा हलला नाही. आबा, म्हणजे माझा जुना वर्कशॉपवाला दोस्त, टर्नर, तो घड्याळ धरून बसलेला, अर्धा तास झाल्यावर म्हणाला आता तरी चहा सांग.

आबाचं आणि माझं भांडण त्याच्यापुढचं आहे. इंजिन जोडलं, रोलरवर ठेवलं आणि कॉम्प्रेसरच्या थोड्याशा हवेवर चालवून बघितलं. दोन सिलिंडर, प्रत्येकात दोन्हीकडून वाफ, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला चार भकभक. पुढच्या गिअरमधे चारही अगदी समान. लहान असताना कुळ्याला मामाकडे जायचो तेव्हा घाटात गाडी चढवायला मागून जोडलेलं इंजिन असंच मोजून मापून आवाज करत जायचं, पोरं आम्ही ताल धरायचो. उलट्या गिअरमधे मात्र हे लंगडतं. तीन जोरात, एक दबलेला. आबा म्हणाला सोपं आहे, सिलिंडरमधे वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या रॉडला अर्धा आटा फिरव, दोन्हीकडे सारखं होईल. बरोबर आहे त्याचं, दोन्हीकडे सारखं थोडं थोडं लंगडेल. रॉड बघितला तर तिथे आरपार बारीक पिन मारलेली, आणि बाजूला एक टिंब. म्हणजे तारवट्याने हे फिरवून बघितलेलं, ऐकलेलं, आणि पुढचं समान राहू दे म्हणून पिन मारून टाकलेली. मी पिन काढणार नाही. आबा म्हणतो तू मेलेल्या माणसाचं ऐकतोस आणि जिवंत टर्नरचं नाही. खरंच आहे ते.

कोळशाचं विचाराल तर वास्कोचे लोक बंदरावरच्या कोळशाच्या धुळीने हैराण, चांदरला २०२० साली कोळसा वाहायला डबल ट्रॅक नको म्हणून रात्री रुळांवर लोक उतरले होते, आणि त्याच चांदरच्या इंजिनासाठी मी पोतंभर कोळसा शोधत फिरतोय हे मोठ्याने सांगायची सोय नाही. वाटाण्याएवढे तुकडे लागतात, एका वेळी चमचा-दोन चमचे, एक पोतं मला मरेपर्यंत पुरेल.

रंग अजून ठरलेला नाही. ही म्हणते हिरवा, भाचा म्हणतो लाल, मूळचा काळा आहे आणि बहुतेक काळाच राहील. भाच्याला ते चवथीच्या देखाव्यात हवंय, गणपतीच्या पुढून फिरणारं. हो म्हटलंय, पण हवेवर, आग नाही. गणपतीवर फळं-पानं टांगलेली माटोळी असते, तिच्याखाली कोळसा पेटवला तर मला घराबाहेर काढतील.

त्याआधी पंपाचं बघायचंय. टाकीतला हातपंप पाणी ढकलतो पण अर्धं परत येतं. उघडला तर आतल्या व्हॉल्व्हची गोळी स्टीलची, सायकलच्या बेअरिंगमधली, गंजून खड्डे पडलेली. मिस्त्रीच, दुसरं कोण. स्टेनलेसची मागवलीय, कुरियरवाला म्हणतो सोमवारपर्यंत येईल.