प्रेसनोटमधला राहून गेलेला प्रश्न

आपल्या शाळेत नववीला बातमीलेखन शिकवताना आमच्या मराठीच्या बाई फळ्यावर कोण, काय, कुठे, कधी, का, कसं असे सहा प्रश्न लिहायच्या. वह्या तपासताना मात्र लाल रेघ ‘का’ राहिला असेल तिथेच पडायची. पुढे काही वर्षं मी एका मंत्र्यांच्या कार्यालयात प्रसिद्धीचं काम केलं, मग दैनिकात बातमीदार झालो. दौऱ्याच्या, उद्घाटनाच्या प्रेसनोटमध्ये पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं चोख असतात. ‘का’ बहुधा गाळलेला असतो, आणि तो का गाळला हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. बातमीदारीत मला ही जाण फार उपयोगी पडली.

या वाटेवर मी ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांच्याकडे पाहत आलो. जन्म सियालकोटचा, १९२३ सालचा. फाळणीनंतर दिल्ली, उर्दू वृत्तपत्र, मग गोविंद वल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्री या गृहमंत्र्यांचे माहिती अधिकारी. तिथून ते ‘यूएनआय’ वृत्तसंस्थेत गेले. मे १९६४ मध्ये नेहरू गेले आणि मोरारजी देसाई पंतप्रधानपदासाठी उभे राहत असल्याची बातमी नय्यर यांनी दिली. देश शोकात असताना ती मोरारजींना भोवली. त्याच पदाच्या स्पर्धेत असलेल्या शास्त्रींच्या जुन्या माणसाने ती मुद्दाम पेरली, असं मोरारजींच्या गोटाला वाटलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. बातमी खरी असली तरी वाचक देणाऱ्याची आधीची नोकरी विसरत नाही, आणि त्याने विसरूही नये. म्हणून आमच्या जुन्या खात्याच्या बातम्या मी कधी स्वतःकडे घेतल्या नाहीत.

आणीबाणीत सेन्सॉरशिपला विरोध केला म्हणून १९७५ च्या जुलैमध्ये नय्यर यांना ‘मिसा’ या खटल्याविना डांबून ठेवू देणाऱ्या कायद्याखाली अटक झाली. एकेकाळी सरकारची बाजू पत्रकारांना समजावून सांगणारा माणूस तिहारमध्ये होता. पत्नीने सुटकेसाठी उच्च न्यायालयात धाव घेतली. सुटून आल्यावरही त्यांची शोधक नजर तशीच राहिली. १९७७ च्या निवडणुका होणार, ही बातमी अधिकृत घोषणेआधी त्यांनीच दिली.

आपल्या शाळेत भित्तीपत्रक अजून निघतं, हे ऐकून फार आनंद झाला. त्यासाठी मुलांना मुलाखत कशी घ्यावी, प्रेसनोट कशी वाचावी हे शिकवायला शनिवारच्या सकाळच्या शाळेत मी यायला तयार आहे. मुख्याध्यापकांशी तसं बोललोही आहे.