प्रातोहून परतताना

आज वर्गासोबत मिलानहून प्रातोला, इटलीतल्या जुन्या कापडधंद्याच्या गावाला, जाऊन आले. फॅशन बिझनेस मॅनेजमेंटच्या मास्टर्समध्ये रोज मार्जिन आणि कॉस्टिंग शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता. आज मात्र नाकात लोकरीची धूळ गेली आणि इचलकरंजी आठवली.

इथे देशोदेशीचे जुने स्वेटर येतात. बटणं, चेन, अस्तर हाताने काढायचं, मग रंगावर निवड. एकट्या निळ्याच्याच किती छटा! ते पिंजतात, त्यात धागे आखूड होतात, आणि त्यांचंच पुन्हा सूत काढतात. जुनाच रंग कामी येतो, त्यामुळे बरेचदा नव्याने रंगवावंही लागत नाही. निवड करणाऱ्या आजोबांची बोटं मी बघतच राहिले. आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, तिचीही बोटं अशीच चालायची. कॉस्टिंग शीटमध्ये या हातांना एकच ओळ मिळते, ते मला फार खुपतं.

याच गावचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी १४१० मध्ये वारला. त्याची सुमारे १,५०,००० पत्रं अजून जपली आहेत. सहाशे वर्षांपूर्वीचा आंतरराष्ट्रीय कापडधंदा, कागदावर!

रात्री आईला फोन केला. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "इतक्या आखूड धाग्याचं सूत तुटत नाही गं?" म्हटलं, म्हणूनच त्यात थोडी नवी लोकर नाहीतर नायलॉन मिसळतात. मग अर्धा तास आम्ही सुतावरच बोलत होतो.