चाळणीवर राहिलेलं शेत

माझं माहेर निपाणीकडचं. तिथं तंबाखूच्या रानात पहार मारली की ती हातभर आत जाते, हे मी लहानपणापासून बघत आलेली. लग्न होऊन बेळगाव जिल्ह्यातच, यादवाडच्या बाजूला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात गोठ्याचा खुंट रोवायला पहार मारली तर खणकन वाजली. हाताला झिणझिण्या. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी बसून हसल्या, "अगं, हितं खुंट रोवत न्हाईत, दगडाला बांधत्यात."

आमचं रान चार एकर. खाली घटप्रभेच्या कालव्यावर लोकांचा ऊस डुलतो, आणि आम्ही वर माळाला. कानडीत अशा रानाला मड्डी म्हणतात. घरात आमची मराठी, बांधावर कानडी, त्यामुळं आम्हीही मड्डीच म्हणतो. हा सगळा पट्टा कलादगीच्या चुनखडीचा. यादवाडला सिमेंटचा कारखाना आहे तो उगाच नाही. हा दगड शंभर कोटी वर्षांहून जुना, त्यामुळं त्यात शंखशिंपले शोधू नका, ते जन्माला यायच्या आधीचा तो आहे.

यजमानांच्या डोक्यात लिंबू भरला होता. विजापूरकडं इंडीचा लिंबू नावाजलेला, मग आपल्याकडं का होणार नाही? दोनशे रोपं, ठिबक, कर्ज, सगळा हिशेब वहीत तयार. मी म्हटलं, आधी माती तपासू.

नमुना मीच घेतला आणि पहिल्यांदा साफ चुकले. गंजक्या खुरप्यानं, तेही बांधाच्या कडेची, लिंबाच्या झाडाखालची माती उकरली. (हा लिंब म्हणजे कडुलिंब. आमच्या घरात त्या वर्षी या दोन शब्दांनी फार घोळ घातला.) नमुने घेणाऱ्या मुलानं पिशवी परत दिली. गंज लागला की तपासणीत लोह खोटं वाढतं, म्हणाला. मग त्यानं सांगितलं तसं केलं. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती लाकडी पट्टीनं खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्याचे परत चार, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. सोबत पहाणीचा उतारा (कर्नाटकातला सातबारा), आधार, फ्रूट्सचा म्हणजे सरकारी शेतकरी नोंदणीचा नंबर. उतारा अजून मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर, म्हणून माती तपासणीचं कार्डही त्यांच्याच नावानं.

कार्ड आलं तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. कानडीत होतं. माझी शाळा मराठी, मला कानडी बोलता येतं, वाचताना अडखळते. थोरलीनं वाचून दाखवलं. सामू (पीएच) 8.3, सेंद्रिय कर्ब कमी, पालाश भरपूर, लोह आणि जस्त कमी. बारा रकाने आणि पुढं एकरी खताची मात्रा. यजमान खूश, "बघ, पालाश भरपूर. लोह काय, टाकता येतंय."

मला मात्र ती पहार आठवत होती. बारा रकान्यांत सामू होता, क्षार होते, बोरॉनसुद्धा होतं. माती किती खोल आहे याचा रकाना नव्हता. मोकळा चुना किती याचाही नव्हता. आणि एक गोष्ट मला त्या नमुनेवाल्या मुलाकडूनच कळली. प्रयोगशाळेत माती कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात. खाली पडेल ती तपासतात, वर राहील ते फेकतात. म्हणजे कार्डावर आलेली ती गाळलेली माती. आमचं निम्मं रान चाळणीवरच राहिलं होतं.

मग मी घरचा उद्योग केला. माळाच्या मधोमध खणून दहा किलो भरलं. घरातली रव्याची चाळणी घेतली (आत्यांनी ती परत स्वयंपाकात घेऊ दिली नाही). खाली माती चार किलो, वर खडी सहा किलो. दगड वजनाला जड पण जागा कमी धरतो, त्यामुळं दहा इंच खोलीत खरी माती साधारण सहा इंच धरायची. पाऊस इथं वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही तुटक. पाणी साठवायला एवढंच मडकं, आणि खताचा हिशेब मात्र रान भरून माती आहे असा.

पुढचे तीन रविवार खड्डे. अकरा घेतले. कॅलेंडरच्या पाठीवर रानाचा नकाशा काढून प्रत्येक ठिकाणी आकडा लिहिला. ओढ्याच्या अंगाला दोन फूट. मध्ये दहा इंच. वरच्या टोकाला चार बोटं, की लगेच चुना सारवल्यासारखा पांढरा कंकराचा, म्हणजे चुनखड्यांचा थर. त्या खड्ड्यात एक तरवडाचं मूळ होतं. सरळ खाली आलेलं, थराला टेकून काटकोनात वळलेलं आणि हातभर आडवंच गेलेलं. पलीकडच्या खड्ड्यात हिवराचं मूळ मात्र कपारीत शिरलं होतं, बोटभर फटीतून खाली, कुठपर्यंत ते दिसेना. मी कार्ड घडी करून ठेवलं ते तेव्हा.

मातीत चुना किती ते बघायला संडास धुवायचं ॲसिड पाण्यात पातळ केलं, हातात रबरी मोजे घालून. वरच्या मातीवर थेंब टाकला तर हळू चुरचुर. खालच्या थरावर टाकला तर सोडा फुटल्यासारखी फसफस. धाकटीनं दिवसभर "अजून एकदा, अजून एकदा" करून अर्धी बाटली संपवली.

तरीही यजमान ऐकेनात. ठरलं की दोनशे नको, सहा रोपं लावून बघू, त्याच दहा इंचाच्या जागी. दुसऱ्या पावसाळ्यात कोवळी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळंधमक. जुनी पानं ठीक. लोहाची कमतरता पानावर अशीच दिसते. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घातलं, काही नाही, कारण चुन्यात ते मुळापर्यंत पोचायच्या आधीच गंजून जातं. एका दुकानदारानं महागडं चिलेटेड लोह दिलं, म्हणजे मातीत गंजू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं. तेही वाया. घरी येऊन पुडीवरची बारीक अक्षरं वाचली तर ते धरून ठेवणारं रसायन ईडीटीए होतं. एवढ्या सामूला ते तग धरत नाही, ईडीडीएचए लागतं, आणि त्याची किंमत ऐकून आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवरच बसलो. शेवटी हिराकस फवारलं. दहा-बारा दिवसांत पानं हिरवी झाली. यजमानांचा चेहराही. मग नवी पालवी आली ती परत पिवळी. भरीला बोअरचं पाणी असं की चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो. तोच थर ठिबकच्या तोट्यांत.

वही बंद झाली. भांडण नाही, काही नाही. एका संध्याकाळी ते म्हणाले, "नकाशा आण."

ओढ्याकडचा एक एकर ज्वारी-तुरीला ठेवला. मधल्या एकरात सीताफळ, तेही खड्ड्याच्या तळातला कंकर पहारीनं फोडूनच. तो थर तसाच ठेवला तर खड्डा म्हणजे हंडा होतो, पाणी साठतं आणि मूळ आतल्या आत गोल फिरतं. वरचे दोन एकर गवताला. भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेचं केंद्र धारवाडला आहे, तिथून धामण गवताचं बी आणलं. चुनखड त्याला मानवते. बी कापसासारखं हलकं, फेकलं तर शेजाऱ्याच्या उसात जातं. ओल्या मातीत कालवून गोळ्या केल्या आणि पहिल्या पावसाआधी टाकल्या.

कुसळी आपोआप आहेच. तिचा बंदोबस्त आत्यांकडं. फुलायच्या आत कापली तर चारा, नंतर तीच कुसळं मेंढीच्या लोकरीतून कातड्यात घुसतात. दरवर्षी मेंढ्या घेऊन येणारे कुरुबांचे (कानडी धनगरांचे) आजोबा श्रावणात बांधावर उभे राहिले. आधी वाकून गवत मुठीत धरून ओढलं, मूळ धरलंय का बघितलं. मग विचारलं, दिवाळीनंतर चार रात्री खतासाठी मेंढ्या बसवू का, पैसे किती देणार? गेल्या वर्षापर्यंत हा माणूस आमच्या माळावरून न थांबता पुढं जायचा. आत्यांनी ज्वारीची दोन पोती सांगितली. ते तीन म्हणाले. अजून अडीचवर अडलंय.