चुरा नको, चटणी चालेल

पथ्यावरच्या माणसाने गाडीवर खाऊ नये, असं सगळेच सांगतात. गेलाच तर तिथे उभं राहून काय बोलावं, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि जातोच तो. संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर पडलेल्या माणसाला घरची मुगाची खिचडी आठवत असते, पण नाकाला लसणाची सुकी चटणी लागलेली असते. अशा वेळी नाकच जिंकतं.

आपल्या रस्त्यावरच्या खाण्यात एक मोठी सोय आहे, ती आपण वापरत नाही. पदार्थ आपल्यासमोर बनतो आणि बनवणाऱ्याला कान असतात. वडापाववाल्याला ‘काका, चुरा नको’ एवढं म्हटलं तरी पुरतं. चुरा म्हणजे कढईत सांडलेल्या पिठाचे तळून कुरकुरीत झालेले थेंब. त्यात बटाटा नाही, आलं-लसूण नाही. नुसतं बेसन आणि तेल. फुकट मिळतो म्हणून आपण तो मूठभर घालून घेतो. त्याऐवजी हिरवी चटणी जास्त मागावी. मिरची घ्यावी, पण तिला चोळलेलं मीठ झटकून टाकावं. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि पाव, वडा, चटणी या तिघांनी त्यातला आपापला वाटा आधीच उचललेला असतो. एवढं सगळं ऐकल्यावर काका विचारतात, “का हो ताई, पोट बिघडलंय का?” हो म्हणून टाकावं. तेल कमी खाणाऱ्यापेक्षा पोट बिघडलेल्या माणसाला या शहरात जास्त सहानुभूती मिळते.

बोलण्याआधी कढईकडे बघावं. तेल काळपट आणि दाट झालंय, वरचा फेस विरत नाहीये, धूर निघतोय, असं दिसलं तर पुढची गाडी गाठावी. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात नको ती संयुगं साचत जातात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या पुढे गेलं की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. ते मोजायचं यंत्र पर्समध्ये घेऊन कुणी फिरत नाही, डोळे असतात. वर्तमानपत्राच्या कागदाचंही तसंच. छपाईची शाई गरम तेलाबरोबर पोटात जाऊ नये म्हणून त्यात खाणं बांधून द्यायला मनाई आहे. तरी आपण अजून वड्याखालच्या तेलकट, आरपार दिसणाऱ्या बातम्या वाचत उभे असतोच.

मिसळीवर माझा विशेष जीव आहे, म्हणून तिची बाजू जरा मांडते. मोड आलेल्या मटकीची उसळ हा तिचा पाया. डाएटवाले ज्या प्रथिनांसाठी आणि चोथ्यासाठी डबे विकत घेतात, ते दोन्ही त्यात आहे. बिघाड होतो तो वरून: फरसाणाचा डोंगर आणि तर्रीचा लाल तवंग. नाशिककडे बऱ्याच ठिकाणी उसळ, फरसाण, रस्सा, दही, कांदा असं सगळं वेगवेगळ्या वाट्यांत येतं. ही पद्धत कुण्या आहारतज्ज्ञाला सुचलेली नसणार, पण काम तेच करते. किती फरसाण घालायचं ते आपल्या हातात. मी उसळ दोनदा घेते, दही सगळं संपवते, आणि रश्श्याची वाटी ढवळत नाही, म्हणजे तवंग वरच्या वर बाजूला सारता येतो.

भेळेत तर करण्यासारखं फारसं काही नाही. कुरमुरे, कांदा, टोमॅटो, कैरी जास्त. शेव-पुरी कमी, गोड चटणी बेताने. पावभाजीवाल्याला मात्र पाव तव्यावर पडायच्या आत सांगावं लागतं, ‘पाव साधाच, वरून बटर नको’. त्याचा हात फार जलद असतो.

काचेच्या दाराआडच्या बर्गरवाल्यांकडे बोलायला फारशी जागा नाही, पण वाचायला आहे. मोठ्या साखळी दुकानांना मेनूवर पदार्थापुढे कॅलरी लिहाव्या लागतात. ते आकडे किमतीइतक्याच काळजीने वाचले, तर कळतं की बर्गर एकटा तेवढा वाईट नसतो. त्याला वाईट संगत लागते ती कॉम्बोमध्ये. 300 मिली कोलात साधारण आठ चमचे साखर असते. ‘थोडे पैसे वाढवा, मोठा ग्लास घ्या’ असं काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणते, तेव्हा पाणी मागायला धीर लागतो.

आणि उपवास? साबुदाणा वडा खाणाऱ्याला कुणीच काही बोलत नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, तेही तळलेलं, पण एकादशीच्या नावावर सगळं खपतं. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

माझ्या मिसळीतलं उरलेलं फरसाण आणि बाजूला सारलेली तर्री नवऱ्याच्या वाटीत जाते. त्याला त्याबद्दल काही तक्रार नाही. त्याच्या तब्येतीवरचा लेख त्याने स्वतः लिहावा.