हेडलाईट झाडांच्या शेंड्यावर

बाईकवर सामान लादून कच्च्या रस्त्याला लागलो, अंधार पडला, आणि बघतो तर हेडलाईटचा उजेड रस्त्यावर नाहीच, सगळा झाडांच्या शेंड्यावर.

मागून येणारा मित्र थांबला, मागचं चाक बघून एवढंच म्हणाला, "लावलंयस बरंच काही, पण स्प्रिंगला विचारलंस का?"

ते डोक्यातून जाईना. इंजिनखाली बॅश प्लेट, क्रॅश गार्ड, कॅरियर, दोन्ही बाजूंना पेट्या, सगळं हौसेनं बसवलं, पण मागचा शॉक (स्प्रिंगवाला शॉकअब्सॉर्बर) अजून कंपनीचाच, मग गाडी मागून बसणार, पुढचं चाक हलकं होणार आणि वाळूत हँडल तरंगणारच ना. तिथेच प्रीलोड वाढवला, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी जास्त दाबून ठेवली, जड हत्यारं काढून टँक बॅगेत टाकली. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

खरं सांगू, आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा बदल म्हणजे पुढचं १५ दातांचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) काढून १४ चं टाकलं तो. वजन काहीच वाढलं नाही आणि चढावर अर्धा क्लच दाबून धरावा लागत नाही. हायवेला त्याच स्पीडला आरपीएम साधारण ७ टक्के जास्त, ते चालतं मला.

तुम्ही सामानासकट सॅग (वजनाने गाडी किती खाली बसते ते) मोजून स्प्रिंग बदलली की आधी पेट्याच उतरवल्या?