मान खाली घालणारे गुलाब

क्योतोहून लोकलने साधारण अर्ध्या तासात मोरियामा येतं. शिगा प्रांतातलं, बिवा सरोवराकाठचं हे गाव. भातखाचरं, बुटकी घरं, मधूनच एखादा कारखाना. जपान बघायला आलेले आपले लोक इथे उतरत नाहीत, आणि उतरावं असं फारसं काही नाहीही. फुलांच्या धंद्यातली माणसं मात्र हे नाव ओळखून असतात, कारण कुनिएदा केइजी आणि त्यांचा मुलगा केनइचि यांची ‘रोझ फार्म केइजी’ इथे आहे. त्यांनी तयार केलेले गुलाब ‘वाबारा’ या नावाने विकले जातात. मी राहते शेजारच्या कुसात्सुला आणि शनिवारी फुलांच्या क्लासला जाते, त्यामुळे हे गुलाब वरचेवर हातात येतात.

आपल्याकडे गुलाब म्हणजे एक तर गुलकंदाचा गावठी, नाहीतर डच. डच गुलाब मावळातल्या पॉलीहाऊसमध्ये पिकतो, वीस-वीसच्या गड्ड्या बांधून कोल्ड स्टोअरेजमध्ये जातो आणि व्हॅलेंटाइनच्या आधी विमानात बसतो. काडी सरळ, कळी घट्ट, पाकळी जाड. खोक्यात दाबून बसवला तरी तो चेपता कामा नये, हीच त्याच्याकडून पहिली अपेक्षा. वास गेला तो या व्यवहारात. सुवासिक गुलाब सहसा लवकर उलगडतात आणि लवकर गळतात, मग व्यापाऱ्याला ते कसे परवडणार?

वाबारातला ‘आओइ’ पहिल्यांदा बघणाऱ्याला तो जरा सुकल्यासारखाच वाटतो. रंग जांभळट, पण त्यात मातकट तपकिरी छटा मिसळलेली, जुन्या धुवट रेशमी साडीचा असतो तसा. पाकळ्यांच्या कडा लाटांसारख्या वळलेल्या. एका काडीवर चार-पाच फुलं, एक पुरतं उमललेलं, एक अर्धवट, बाकीच्या कळ्या. आणि काडी इतकी बारीक की फुलाच्या वजनाने वाकतेच. व्हिडिओ कॉलवर आईला मोठ्या कौतुकाने दाखवला, तर म्हणाली, “अगं, शिळी फुलं गळ्यात मारली की काय तुझ्या?”

पण मांडणी करायला बसलं की ही वाकलेली मान किती कामाची आहे ते कळतं. डच गुलाब फुलदाणीत ठेवला की तो समोर बघत ताठ उभा राहतो; त्याच्याभोवती पानं, जिप्सोफिला, रिबिनी अशी भरती करावी लागते. आओइची एक काडी नुसती कलती ठेवली तरी एक फूल तुमच्याकडे बघतं, दुसरं खाली, आणि मधली जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा भरायची नाही, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपला हात भरगच्च हाराचा ना!

सेन्सेई (म्हणजे क्लासचे गुरू) काडी पाण्याखाली धरून कापतात. फुलं मलूल दिसली तर आणखी एक उपाय: फुलं-पानं वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायची, काडीचं टोक उकळत्या पाण्यात काही सेकंद धरायचं, बुडबुडे आले की लगेच गार, खोल पाण्यात. तासाभराने कागद सोडला की फुलं तरतरीत. उकळतं पाणी बघून माझ्या पोटात गोळा आला होता, त्यांना काहीच वाटलं नाही.

जपानी गुलाब पूर्वीपासून असेच होते असं नाही. ‘मिस्टर रोझ’ म्हणून ओळखले जाणारे सुझुकी सेइझो (१९१३–२०००) यांनी शंभराहून जास्त जाती काढल्या. त्या पिढीचा ओढा मोठ्या, टपोऱ्या, प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या फुलांकडे होता. पुढे केनिया, कोलंबियाहून स्वस्त गुलाब येऊ लागले. लांब काडीच्या लाल गुलाबात त्यांच्याशी टक्कर देणं इथल्या शेतकऱ्याला शक्यच नव्हतं, तेव्हा काहींनी वेगळी वाट धरली. इथली बरीचशी फुलं पाणी भरलेल्या बादलीत उभी राहूनच बाजारात जातात, त्यामुळे नाजूक काडी चालून जाते. २००९ मध्ये सनटोरी कंपनीने पॅन्सीचं जनुक घालून केलेला ‘निळा’ गुलाब विक्रीला आणला. विज्ञान म्हणून थोर आहे. पण मला विचाराल तर तो निळा कमी आणि जांभळा जास्त, शिवाय मान ताठच.

गंमत म्हणजे घोसाने फुलण्याचा गुण मुळात इथलाच. नोइबारा नावाचा रानगुलाब नदीकाठी कुठेही दिसतो, लहान पांढरी पाच पाकळ्यांची फुलं. एकोणिसाव्या शतकात तो युरोपात गेला आणि तिथल्या झुबक्याने फुलणाऱ्या गुलाबांचा पूर्वज झाला. जपानात आजही त्याच्या खुंटावर गुलाबाचे डोळे भरतात.

तक्रार एकच, किंमत. एका काडीला पाचशे येनच्या आसपास मोजावे लागतात, म्हणून घरासाठी मी एकच आणते. उन्हाळ्यात तीही आणत नाही. उकाड्यात फूल लहान येतं आणि भराभर उलगडून जातं. थंडीत तीच जात सावकाश वाढते, पाकळ्या जास्त, रंग गडद. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत कोणी इकडे येणार असेल, तर क्योतोतल्या फुलवाल्याकडे आओइ आहे का विचारा. एकच काडी मागितली तरी तो नीट कागदात बांधून देतो.